चित्रफितीचे उलटे पाऊल

जळगाव शहरापासून थोड्याच अंतरावर असोदा हे गाव आहे. केळी, कापूस आणि भरिताची वांगी पिकविणाऱ्या त्या काळ्या मातीच्या मुलखात १९९४ सालच्या उन्हाळ्यात एखाद्या घरी लग्न झाले, असे श्रोत्यांनी घटकाभर कल्पावे. दारात मांडव पडलेला आहे. लग्नाचे व्हिडिओ शूटिंग ही त्या सुमारास खेड्यापाड्यांतूनही मानाची बाब होऊन बसली होती. तेव्हा जळगावहून खांद्यावर जड कॅमेरा वाहणारा एक मनुष्य आला आहे आणि त्याच्या मागोमाग प्रखर दिवा धरणारा एक पोरगा. दिव्याचा झोत ज्याच्या तोंडावर पडावा त्याने डोळे मिचकवावे, कपाळावर हात धरावा, नाहीतर उगाच ताठ बसावे, असा सारा प्रकार चालला आहे. फिरत फिरत तो झोत ओसरीवर बसलेल्या घरच्या वडीलधाऱ्या बाईंवर येतो. सारे घर त्यांना माय म्हणते. त्या मान वळवून पाहतात, काय चालले आहे हे ध्यानात येऊन हसतात, आणि दुसऱ्याच क्षणी पदर ओढून तोंड झाकून घेतात. कॅमेरा पुढे सरकतो. तीन तासांच्या त्या फितीत माय दिसते ती एवढीच, सारी तीन सेकंद.

आता माय हयात नाही. तिचे छायाचित्र म्हणावे तर ओळखपत्रावरचे नखाएवढे, तेही धुरकटलेले. पुण्यास नोकरीनिमित्त राहणारा तिचा नातू ती जुनी फीत संगणकावर उतरवून घेतो. त्या तीन सेकंदांतून भिंतीवर लावता येईल असे एक चित्र काढावे, ही त्याची एक इच्छा. दुसरी इच्छा त्याच्या मुलांची. फीत उलटी फिरवून पाहावी, म्हणजे वऱ्हाड मागल्या पावली चालू लागेल, अक्षता नवरानवरीच्या डोक्यावरून उडून पाहुण्यांच्या मुठींत जाऊन बसतील, आणि जेवणारे पाहुणे तोंडातून सबंध जिलब्या काढून पानात मांडतील! चित्रफितींच्या संपादनाची जी साधने आज संगणकावर, किंबहुना खिशातल्या फोनवरही मिळतात, त्यांत ही दोन्ही कामे बोटाच्या टोल्यासरशी होतात. टोला सोपा आहे म्हणून काम सोपे आहे असे मात्र नव्हे.

प्रथम हे ध्यानात घ्यावयास हवे की, हालणारे चित्र अशी वस्तू जगात मुळात नाहीच. स्थिर चित्रांची एक माळ डोळ्यांपुढून वेगाने ओढली की मनाला हालचालीचा भास होतो, एवढेच. मूकपटांच्या काळी ही माळ डोळ्यांनी दिसे आणि हातांत धरता येई. ३५ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मच्या एका फुटात १६ चित्रे बसत, आणि सेकंदास सुमारे तितकीच चित्रे पडद्यावरून जात. म्हणजे एक सेकंद काळ हा एक फूट लांब असे! काळाला असे गजाने मोजता येऊ लागल्यावर तो उलटा धरून पाहण्याचा मोह कोणास आवरेल? माळेचे शेवटचे चित्र आधी आणि पहिले चित्र शेवटी दाखविले की झाले. स्थिरचित्र हवे असेल तर माळेतील एक मणी उचलावयाचा. दोन्ही क्रिया एकाच गोष्टीतून निघाल्या आहेत.

हा मोह सिनेमाच्या जन्माइतकाच जुना आहे. फ्रान्समधील ल्युमिएर बंधूंनी १८९६ साली आपल्या लियाँ येथील कारखान्याच्या आवारात एक भिंत पाडतानाचे चित्र घेतले. कामगार भिंत ढकलतात, ती कोसळते, धुळीचा लोट उठतो. हीच फिल्म यंत्रातून उलटी फिरविली जाई तेव्हा धूळ जमिनीत शिरे, विटा गोळा होत आणि भिंत आपली आपण उभी राही. प्रेक्षक सुलट चित्रापेक्षा या उलट चित्रालाच अधिक भुलले, यात नवल नाही. त्याच वर्षी ७ जुलै रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर यांच्या चित्रांचा हिंदुस्थानातील पहिला खेळ झाला. आगगाडीच्या आगमनाबरोबरच पडझडीचे ते चित्रही त्या दिवशीच्या कार्यक्रमात होते.

आपल्याकडे या विद्येचा पाया ज्यांनी घातला त्या धुंडिराज गोविंद फाळके यांचे नाव या संदर्भात आठवावयास आणखी एक गमतीचे कारण आहे. चित्रपटाकडे वळण्यापूर्वी ते जादूचे प्रयोग करीत, आणि त्यासाठी त्यांनी जे नाव घेतले होते ते होते प्रोफेसर केळफा. आपल्याच नावाची अक्षरे त्यांनी उलटी मांडली होती. पुढे चित्रे उलटसुलट करून जगाला थक्क करणाऱ्या माणसाने आरंभ स्वतःच्या नावापासून करावा, हा योगायोग मोठा गोड आहे.

या नावावरून ध्वनीची एक मौज ध्यानात येते. फाळके उलट केले की कागदावर केळफा होते. परंतु कोणी 'फाळके' असे म्हणून तो आवाज यंत्रावर उतरविला आणि ती ध्वनिफीत उलटी वाजविली, तर 'केळफा' ऐकू येईल काय? मुळीच नाही. ऐकू येईल ते 'एक्ळाफ' असे काहीतरी. कारण कागदावर आपण सबंध अक्षरे उलटी मांडतो, यंत्र मात्र अक्षराच्या पोटातील व्यंजन आणि स्वर यांचीही उलटापालट करते. 'चिमा काय कामाची' हे उलट वाचले तरी तेच राहते म्हणून मुले टाळ्या पिटतात. यंत्रापुढे ही हुशारी चालत नाही, ते 'ईचामाक्याकामिच' असलेच काही बरळेल. देवळातील घंटेचा टोल सुलट असताना ठणकन् उठतो आणि हळूहळू विरतो. उलट केला की तोच नाद शून्यातून फुगत येतो आणि एकाएकी तुटतो. म्हणून चित्र उलटे करताना ध्वनी वेगळा काढून ठेवावा हे बरे. लग्नाच्या फितीतील सनई उलटी वाजविणे हा तर शुद्ध छळ होय.

फाळक्यांकडे पुन्हा वळू. १९१२ साली लंडनहून कॅमेरा आणून ते परत आले तेव्हा भांडवल घालणारास विश्वास वाटावा म्हणून त्यांनी एका कुंडीत वाटाण्याचे दाणे पेरले आणि महिन्याहून अधिक काळ त्या कुंडीपुढे कॅमेरा लावून अंकुराची वाढ टिपली. तयार झालेले चित्र मिनिटाहून किंचितच मोठे होते. मिनिटाला साडेनऊशेच्या आसपास स्थिरचित्रे लागतात. ती महिन्याभरातून वेचून त्यांनी एका मिनिटाच्या दोऱ्यात ओवली. काळाला लगाम घालण्याचा हा आपल्याकडील पहिला प्रयत्न म्हणता येईल. ही फिल्म कोणी उलटी फिरविली असती तर पाने मिटली असती, कोंब मातीत शिरला असता आणि वाटाणा पुन्हा वाटाणा झाला असता. शेतकरी मात्र त्याला हसला असता. पेरलेले परत निघत नाही, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही.

मातीतून उगवणाऱ्या बियाण्याचे कौतुक शब्दांत करणारी एक थोर स्त्री नेमकी याच असोद्याची. बहिणाबाई चौधरी यांचा जन्म १८८० साली असोद्यात झाला, आणि लग्नानंतर त्या जळगावास नांदल्या. त्यांना लिहिता वाचता येत नव्हते. शेतात आणि जात्यावर त्या रचीत गेल्या आणि वाऱ्यावर सोडीत गेल्या. त्यांतील जे आज आपल्या हाती आहे ते केवळ त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि घरातील माणसांनी वेळच्या वेळी कागदावर उतरवून घेतले म्हणून. १९५१ साली बहिणाबाई गेल्या, आणि १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ती गाणी छापली गेली. न टिपलेली किती गेली असतील, याचा हिशेब कोणी करावा? वाहत्या गोष्टीतून वेळीच काहीतरी उचलून ठेवणे, हे काम कॅमेऱ्याच्या आधीपासून घरोघरी चालत आले आहे.

सिनेमाच्या धंद्याने मात्र हे काम फार हलगर्जीपणे केले. हिंदुस्थानात मूकपटांच्या काळी तेराशेहून अधिक चित्रपट निघाले. आज त्यांपैकी तिसाच्या आसपासच काय ते शिल्लक आहेत. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात लागला. त्याची लांबी ३,७०० फूट, म्हणजे चित्रे सुमारे ५९ हजार. त्याची पहिली आणि शेवटची रिळे तेवढी आज पाहावयास मिळतात, आणि तीसुद्धा १९१७ साली नव्याने घेतलेल्या चित्राची असावीत असे काही अभ्यासकांचे मत आहे. १९१९ सालच्या 'कालिया मर्दन'चे दैव थोडे बरे. त्याच्या आरंभी फाळक्यांची लहान कन्या मंदाकिनी केवळ चेहऱ्यावर राग, आनंद, विस्मय असे भाव एकामागून एक उमटवून दाखविते. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयामुळे तो चेहरा शंभर वर्षांनंतरही पाहता येतो. नाहीशा झालेल्या कितीतरी चित्रपटांची ओळख आता जाहिरातींवरून आणि स्थिरचित्रांवरून पटवून घ्यावी लागते. यांतील पुष्कळशी स्थिरचित्रे फिल्ममधून काढलेली नसून नटनटींना पुन्हा उभे करून निराळ्या कॅमेऱ्याने घेतलेली असतात. ती देखणी असतात खरी, परंतु तो क्षण चित्रपटात तसाच होता असे त्यांवरून म्हणता येत नाही.

आता असोद्याच्या फितीकडे येऊ. ती फिल्म नव्हे. ती व्हीएचएस जातीची चुंबकीय फीत. उजेडापुढे धरली तर तपकिरी पट्टीखेरीज तीत काही दिसावयाचे नाही. त्या काळी ज्या घरी व्हीसीआर होता तेथील मुलांनी फीत चित्रासह मागे पळविण्याचा खेळ मनसोक्त खेळला आहे. पडद्यावर पांढरे पट्टे नाचत आणि त्यांतून माणसे उलटी धावत. चित्र थांबवून पाहण्याची कळही होती. परंतु त्या कळेत एक दुष्ट खोडी होती. चित्र थांबले तरी यंत्रातले फिरते शीर्ष थांबत नसे. ते फितीच्या त्याच जागेवर घासत राही. पाचेक मिनिटांत यंत्र आपण होऊन बंद पडे ते याच भीतीने. तेव्हा जो क्षण घराला सर्वांत प्रिय, जो पुन्हा पुन्हा थांबवून पाहिला, तोच सर्वांत अधिक झिजला, असे पुष्कळ घरांतून झाले आहे. मायेचे ते तीन सेकंद फितीत अस्पष्ट दिसतात ते काही केवळ काळामुळे नव्हे.

व्हीसीआर बनविणारी जपानमधील शेवटची कंपनी २०१६ साली या कामातून निवृत्त झाली. जी यंत्रे चालू आहेत ती जुनी, आणि त्यांना भाग मिळणे दिवसेंदिवस कठीण. म्हणून ज्यांच्या कपाटात अशा फिती असतील त्यांनी उलटसुलट करण्याच्या गोष्टी मागाहून कराव्या. आधी फीत एकदाच, न थांबविता, आरंभापासून शेवटपर्यंत संगणकावर उतरवून घ्यावी. उतरवलेली मूळ प्रत बाजूला ठेवावी आणि जे प्रयोग करावयाचे ते तिच्या नकलेवर करावे.

संगणकावर आल्यावर तरी उलटे फिरविणे सुकर होते काय? येथे एक आश्चर्य आहे. जागा वाचावी म्हणून संगणक प्रत्येक चित्र सबंध साठवीत नाही. काही अंतराने एक चित्र पूर्ण साठवावयाचे, आणि मधल्या चित्रांच्या जागी केवळ 'मागच्याहून एवढे बदलले' अशी टिपणे ठेवावयाची, असा त्याचा व्यवहार असतो. किराणा दुकानदार रोज सगळा माल मोजीत नाही; महिन्याच्या पहिल्या तारखेला मोजतो आणि पुढे आवकजावक मांडतो, त्यातलाच हा प्रकार. काही टिपणे तर पुढल्या चित्राकडे पाहून लिहिलेली असतात! अशी वही पुढे वाचीत जाणे सोपे. मागे वाचीत जाणे महाकठीण. वीस तारखेचा साठा हवा तर पुन्हा एक तारखेपासून बेरीज वजाबाकी करीत यावे लागते, आणि एकोणीस तारखेचा हवा तर पुन्हा पहिल्यापासून. म्हणूनच चित्रफिती दाखविणाऱ्या काही साधनांत एकेक चित्र पुढे सरकविण्याची कळ असते, मागे सरकविण्याची नसते.

यावर उपाय असा की, चित्रांचा एक गट सुलट उलगडून घ्यावा, तो स्मरणात धरून ठेवावा आणि मग शेवटाकडून दाखवावा. आता आजच्या साध्या फोनवरील एक चित्र घेतले तर त्यात आडवे १,९२० आणि उभे १,०८० असे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. सेकंदास २५ चित्रे धरली तर दहा सेकंदांची २५० चित्रे. ती सारी उलगडून स्मरणात ठेवावयाची तर सुमारे दीड गिगाबाइट जागा लागते. तास दीड तासाचे लग्न एकदम उलटे करू पाहणाराचा संगणक घुसमटून का थांबतो, हे यावरून कळेल. हवा तेवढाच तुकडा कापून घ्यावा आणि तोच उलटा करून निराळ्या नावाने साठवावा. बहुतेक साधनांत गती बदलण्याच्या जागीच उलट गतीची खूण असते. शोधावयास फार फिरावे लागत नाही.

नातवाच्या मुख्य कामात खरी अडचण निराळीच आहे. तीन सेकंद म्हणजे ७५ चित्रे. त्यांतून एक निवडावयाचे. पहिल्या भागात मायेची मान वळलेली नाही. मग मान वळते, आणि वळणारा चेहरा फरकटलेला येतो. शेवटच्या भागात पदर. मधल्या थोड्या चित्रांत हसू आहे, परंतु त्यांतही कोठे डोळे मिटलेले, कोठे ओठ अशा अर्धवट अवस्थेत की पाहणाराला हसू न वाटता रडू वाटावे. डोळ्यांपुढून धावताना जे हास्य निःसंशय वाटते ते थांबविल्यावर सापडत नाही! याचे कारण साधे आहे. आपण जे पाहिले ते कोणत्याही एका चित्रात नव्हते. ते त्यांच्या ओघात होते.

येथे उलट फिरविण्याचा खरा उपयोग कळतो. झोपाळा एका टोकाला जाऊन परत फिरतो त्या क्षणी तो थांबलेला असतो. मध्यावर त्याची गती सर्वांत अधिक असते. माणसाच्या हालचालीतही अशी वळणे असतात. मान वळून पुरी झाली आणि हात पदराकडे अजून उचलला नाही, अशी एक अत्यंत लहान विश्रांती मायेच्या त्या तीन सेकंदांत आहे. सुलट फिरविताना डोळा पुढच्या कृतीची वाट पाहत असतो, म्हणून ती विश्रांती निसटते. तोच तुकडा उलट आणि पुन्हा सुलट, असा सावकाश चार सहा वेळा फिरवावा. ज्या ठिकाणी दोन्ही दिशांनी चित्र सारखेच थबकलेले दिसते, तेथे हात थांबवावा. सर्वांत निश्चल चित्र तेथेच असावयाचे. ते सापडले की त्याच्या आगेमागेची दोन चार चित्रेही साठवून ठेवावी. आज नकोसे वाटलेले चित्र उद्या बरे वाटते.

जुन्या फितीत आणखी एक गुंता असतो. तिच्यातील प्रत्येक चित्र दोन अर्ध्यांनी विणलेले असते: एक अर्धे विषम ओळींचे, दुसरे सम ओळींचे, आणि दोहोंत एक पन्नासांश सेकंदाचे अंतर. तेवढ्यात मान हालली असेल तर चेहऱ्याच्या कडांना फणीचे दात फुटतात. हे दात काढून टाकण्याची सोय साधनांत असते. किंवा एकच अर्धे ठेवून त्यावरून पूर्ण चित्र भरून काढता येते. दुसरे असे की, या चित्राची मापे ७२० बाय ५७६ अशी येतात, पण त्याचे ठिपके चौरस नसतात. तसेच साठविले तर चेहरा उगाच चिंचोळा दिसतो. रुंदी ७६८ करावी, म्हणजे माय मायेसारखी दिसेल. पडद्याचा फोटो काढण्याचा आळशी मार्ग पत्करू नये. साधनात 'फ्रेम साठवा' अशा अर्थाची कळ असते तीच वापरावी, आणि साठविताना जेपेगऐवजी पीएनजी ही पद्धत निवडावी, कारण तीत चित्राचा कोणताही अंश गळत नाही. एवढे करूनही या चित्राची छपाई पोस्टकार्डाहून मोठी करू नये. भिंतभर तसबीर करण्याची हौस असणाऱ्यांना हे रुचणार नाही, पण ज्या चित्रात जेवढे आहे तेवढेच त्यातून काढता येते.

ज्यात नाही तेही काढून देतो, असे म्हणणारी साधने अलीकडे निघाली आहेत. त्यांना धूसर चेहरा दिला की ती क्षणात लख्ख चेहरा परत देतात. पापणीचा केस न् केस दिसतो. परंतु तो केस मायेचा नसतो. हजारो परक्या चेहऱ्यांवरून शिकलेले यंत्र जेथे काही दिसत नाही तेथे शोभेलसे काहीतरी भरते, आणि घरातल्या माणसाला मग असे वाटत राहते की हे चित्र आहे तर सुंदर, पण काहीतरी चुकते आहे. चुकते ते हेच की ती बाई कोणीतरी दुसरी आहे. याउलट, निश्चल अशा चार चित्रांची संगणकाकडून सरासरी काढून घेतली, तर फितीची मुंगीसारखी वळवळ निम्म्याने कमी होते आणि भर परक्याची पडत नाही.

पुणेकर नातवाच्या घरी उलट्या फितीचा खेळ झाला तेव्हा जळगावहून आलेली त्याची आत्याही बसली आहे, असे समजावे. वऱ्हाड मागे चालले, अक्षता उडाल्या, मुले लोळून हसली, आत्याही हसली. मग तेच मायेवर आले. पदर तोंडावर होता तो आपोआप खाली आला, आतून हसरा चेहरा बाहेर पडला, आणि मान सावकाश पलीकडे वळली. नातवाला ते फार आवडले. लग्नाच्या वाढदिवसाला सर्वांना पाठविण्याजोगे आहे, असे त्याच्या मनात आले. आत्या मात्र हसावयाची थांबली. "अरे बापू, माय अशी कधी वागली नाही," एवढेच ती म्हणाली.

तिचे म्हणणे यंत्राच्या दृष्टीने चूक आहे. त्या ७५ चित्रांत एकही चित्र खोटे नाही. नातवाने एक ठिपकाही इकडचा तिकडे केलेला नाही. तरीही खरे आत्याचेच. परक्या माणसाचा दिवा तोंडावर आला तेव्हा तिने तोंड झाकले. उलट्या फितीत ती कॅमेऱ्यासाठी पदर काढून हसते आणि मग दुर्लक्षाने पाठ फिरविते. कृती तीच, क्रम तेवढा फिरला, आणि लाजाळू बाईची धीट बाई झाली. ज्या भिंतीची वीट वीट उडून बसते तिला पाहून कोणी फसत नाही. तशी भिंत जगात नसते हे लहान मूलही जाणते. धूर, पाणी, उतू जाणारे दूध, ठेचून भरीत झालेले वांगे, ही सारी उलट दाखविली की आपण होऊन ओरडून सांगतात की आम्ही उलटी आहोत. पदर मात्र सांगत नाही. तो घेणे आणि काढणे दोन्ही दिसावयास सारखेच स्वाभाविक. संपादन करणाराने सावध राहावयाचे ते अशाच ठिकाणी, आणि वर्तमानाच्या चित्रफितींत तर विशेषच. हात उगारणारा कोण आणि मागे घेणारा कोण, हे तेथे क्रमावरूनच ठरते.

स्थिरचित्र या दोषातून सुटलेले आहे असे मात्र समजू नये. ओठांच्या त्या अर्धवट अवस्थेतले चित्र नातवाने निवडले असते तर लग्नाच्या मांडवात रडणारी माय घराच्या भिंतीवर कायमची लागली असती, आणि पतवंडांनी तिच्या दुःखाच्या कथा रचल्या असत्या. म्हणून निवड एकट्याने करू नये. ज्यांनी त्या माणसाला पाहिले आहे त्यांच्यापुढे पाच सहा चित्रे ठेवावी आणि बोट कोठे जाते ते पाहावे.

आत्याचे बोट एकेचाळिसाव्या चित्रावर गेले. मान वळून पुरी झालेली, हसू नुकतेच डोळ्यांत उतरलेले, हात अजून मांडीवर. नातवाने उलटा तुकडा पुसून टाकला. वऱ्हाडाचा आणि अक्षतांचा मुलांसाठी ठेवला. पोस्टकार्डाएवढे चित्र छापून आले तेव्हा त्याच्या पाठीमागे त्याने कागदाची एक पट्टी डकविली: असोदा, १९९४, लग्नाच्या फितीतून, चित्र एकेचाळिसावे. आत्याने पेन मागून घेतले आणि खाली मायेचे पूर्ण नाव, माहेरच्या नावासकट, लिहिले. ते नातवाला ठाऊक नव्हते.